दाऊद, तुझा आग्रह

मिरकाबपासून अबू हलीफापर्यंतच्या टापूत राहणाऱ्या समस्त कोकणी मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, कुवेत मुक्कामी चालणारं आग्रह खातं खातेप्रमुखांच्या निधनामुळे कायमचं बंद करण्यात आलं आहे. यापुढे कोणाच्याही ताटात न विचारता भाकरी पडणार नाही. पोटावर हात ठेवून ‘बस, बस’ म्हणणाऱ्याचं म्हणणं खरं धरण्यात येईल. ‘एवढ्याशाने काय होतंय’ हे वाक्य या देशात पुन्हा ऐकू येणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी आणि आपापल्या भुकेची जबाबदारी आपापल्या अंगावर घ्यावी.

बघ दाऊद, अजून जमतंय मला. तुला मातीत ठेवून आठवडासुद्धा झाला नाही आणि माझी जीभ दवंडी पिटायला तयार. तू असतास तर भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, पोट हलवत हसला असतास.

पण या निवेदनात एक गोष्ट खोटी आहे. खातं तू गेलास म्हणून बंद पडलेलं नाही. ते तू चांगला हिंडता-फिरता असतानाच बंद पडलं होतं, आणि ते बंद पाडण्यात माझा हात होता. म्हणून हे लिहितोय. तोंडाने सांगायला गेलो की पुन्हा किस्सा होतो. लिहिताना निदान समोर हसायला कोणी नाही.

आगबोटीतून उतरलो त्या दिवशी धुळीचं वादळ होतं. आकाश तांबडं, रस्ता दिसत नव्हता, नाकातोंडात वाळू. मिरकाबमध्ये मातीच्या भिंतींच्या त्या घरात मला कोणीतरी ढकललं आणि आतून तू ओरडलास, “दार लाव, दार लाव, कालवणात वाळू पडल!” मी दार लावलं. तू वर बघितलंस.

“कुठचा तू?”

“धोपावे.”

“म्हणजे खाडीपल्याडचा! मी दाभोळचा. अरे, मग तू पाहुणा नायस, शेजारी हायस. बस खाली.”

बसलो. तू वाढलंस. इथे ज्याला झुबेदी म्हणतात ते आपलं पापलेट, त्याचं आंबट तिखट, आणि तांदळाची भाकरी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि सभ्य माणसासारखा हात आखडता घेतला. तिसरी पडली. ‘नको’ म्हणालो. चौथी पडली. ‘अहो, खरंच नको,’ असं मी हात जोडून म्हणालो, तर तू जोडलेल्या हातांच्या खालून पाचवी सरकवलीस आणि म्हणालास, “माझ्या गळ्याशपथ!” त्या रात्री मी परदेशात आल्यामुळे रडलो की पोट दुखल्यामुळे, याचा निकाल अजून लागलेला नाही.

एकदा मी तुला विचारलं होतं, लोक नको म्हणत असताना तू ऐकत का नाहीस? तू म्हणालास, “सद्या, आपल्याकडं पयल्यांदा कोण हो बोलतो काय? पाहुणा लाजतो. त्याची लाज आपण मोडायची.” तुझं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं. समोरचा लाजतोय. त्याच्या पोटात भूक आहे, फक्त ओठांवर नको आहे. मला वाटतं, जगातल्या सगळ्याच माणसांकडे तू असाच बघायचास.

आणि म्हणूनच ते घडलं.

आपला अरबाब, म्हणजे आपल्या दोघांचा मालक. मी त्याच्या ऑफिसात टायपिस्ट, तू त्याच्या घरचं स्वयंपाकघर बघणारा. त्याचा व्यापार पार यमनपर्यंत, आणि यमनमध्ये यादवी पेटलेली. एक तट इमामाचा, एक तट प्रजासत्ताकाचा, एकाच कबिल्यातली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून. दोन्हीकडे अरबाबची जुनी ओळख. त्याच्या मनात आलं, दोघांनाही गुपचूप बोलवावं, आपल्या अबू हलीफाच्या समुद्रकाठच्या बंगल्यात उतरवावं आणि समोरासमोर बसवावं. सरकारी असं काही नव्हतं. वर्तमानपत्रात आलं नाही. मोठ्या बैठका मोठ्या ठिकाणी होतच होत्या. ही आपली खाजगी धडपड.

तुला ही बातमी मीच दिली. तू कांदा चिरत होतास. सुरी खाली ठेवलीस.

“म्हणजे लढाई मिटवायला येतायत?”

“बोलायला येतायत.”

“एका ताटात जेवतील?”

“एका खोलीत बसले तरी खूप झालं.”

“खोलीत बसून काय होतंय?” तू म्हणालास. “आमच्याकडं जमातीत वाटेवरून दोन तट पडलेले. एकमेकांच्या मयतीला जायचे नाय. माझ्या बापाने दोघांना सांदण खायला बोलावलान. तोंड गोड झाला, वाट मोकळी झाली.”

मी म्हणालो, “दाऊदमियां, हे दाभोळ नाही.”

तू म्हणालास, “भूक सगळीकडं दाभोळचीच असते.”

त्या दिवसांत तू जे राबलास ते मी पाहिलं आहे. बंगल्याच्या दोन टोकांना दोन पक्ष उतरलेले. एकाकडे ताट आधी गेलं की दुसऱ्याचा अपमान. तू दोन सारखी ताटं सजवायचास आणि दोन माणसं एकाच वेळी दोन दारांतून सोडायचास. मटणाचा तुकडा इकडे मोठा पडला का, तिकडे लहान गेला का, हे तू दहादा तपासायचास. मी थट्टा करायचो. तू म्हणायचास, “हस तू. कोणाच्या तरी पोरांचा जीव वाचणार हाय यातून.”

तुला खरंच तसं वाटत होतं. हे मी पुढे किस्सा सांगताना नेहमी गाळलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं ना.

बोलणी एका रस्त्यावर येऊन अडली. इमामाच्या बाजूला एक म्हातारा शेख होता, पांढरी दाढी, एक डोळा अधू. त्याच्या डोंगरातल्या गावांकडे जाणारी वाट दुसऱ्या पक्षाने रोखून धरली होती. धान्य वर जात नव्हतं. म्हातारा म्हणत होता, आधी वाट उघडा, मग बाकीचं बोलू. समोर प्रजासत्ताकाचा एक तरुण अधिकारी. तो म्हणत होता, आधी डोंगरावरच्या बंदुका खाली आणा.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर सगळे दिवाणखान्यात बसले. भिंतींच्या कडेने गाद्या, एका बाजूला हे, एका बाजूला ते, मध्ये अरबाब. मी दाराशी कागद घेऊन. नेहमी कॉफी फिरवणारा म्हातारा बसरेवाला तापाने पडला होता, म्हणून दल्ला, ती कॉफीची पितळी किटली, तुझ्या हातात आला. डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात बिनकानाचे छोटे कप. तुला सगळं ठाऊक होतं. उजवीकडून सुरुवात करायची, कप अर्ध्याखाली भरायचा, पाहुण्याने कप हलवला की बस समजायचं. एकच गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती मलाही ठाऊक नव्हती.

म्हाताऱ्याने कप घेतला. ओठाला लावला नाही. वाकून समोर जमिनीवर ठेवला आणि अरबाबकडे बघत राहिला.

अरबाबचा चेहरा बदलला. तो अधिकाऱ्याकडे बघायला लागला. अधिकारी खाली बघायला लागला. काहीतरी फार मोठं चाललं होतं, एवढं मलाही कळलं. अधिकाऱ्याचे ओठ हलले. तो काही बोलणार होता.

आणि तू पुढे झालास.

तुला काय दिसलं ते मला पक्कं माहीत आहे. तुला एक दूर गावचा म्हातारा पाहुणा दिसला, जो चारचौघांत लाजतोय. त्याच्या समोरची कॉफी निवत चाललीय आणि यजमान नुसता बघत बसलाय. तू वाकलास, कप उचललास, गार कॉफी बाजूच्या भांड्यात ओतलीस, नवी वाफाळती भरलीस आणि त्याच्या हातात देत म्हणालास, “घ्या ना, बाबा.” तो हलला नाही. मग तू तुझ्या गळ्याशपथेचं अरबी करून टाकलंस. “वल्ला, लाझिम तिश्रब!” अल्लाशपथ, प्यायलाच पाहिजे.

म्हाताऱ्याने त्या एका धड डोळ्याने तुझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मी दर खेपेला वेगळं सांगितलंय. खरं सांगायचं तर थोडाच वेळ. मग त्याने कप घेतला, एका घोटात प्यायला, कप तुझ्या हातात दिला, उठला आणि बाहेर गेला. त्याची माणसं त्याच्या मागे गेली. तू रिकामा कप हातात धरून माझ्याकडे बघून हसलास. पाहुण्याची लाज मोडली होती ना.

स्वयंपाकघरात अरबाबचा सेक्रेटरी अबू समीर आला. पॅलेस्टाइनचा, शिकलेला, कधी आवाज न चढवणारा. त्याने आपल्या दोघांना समजावून सांगितलं. त्या कबिल्यांत पाहुणा कॉफी समोर ठेवून प्यायची थांबला, तर त्याचा अर्थ माझं एक मागणं आहे, ते मान्य करा, मगच मी पिईन. यजमानाच्या इज्जतीचा प्रश्न होतो. त्याला काही ना काही कबूल करावंच लागतं. आणि म्हाताऱ्याने मागणं पदरात पडायच्या आत कॉफी प्यायली, म्हणजे मागणं सोडलं. पण अल्लाची शपथ घातल्यावर तो तरी काय करणार?

तू विचारलंस, “मग मला कोणी अडवला का नाय?”

आणि मी हसलो.

मला आवरलंच नाही. अख्ख्या यमनची लढाई एका बाजूला आणि आमच्या दाऊदची गळ्याशपथ एका बाजूला! मी गोणीवर बसून हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तू आधी माझ्याकडे बघत राहिलास, मग तूही हसायला लागलास. मी त्यावर फार वर्षं विसंबून राहिलो, दाऊद. तू हसला होतास ना, मग तुला लागलेलं नाही. आज मला ते हसणं नीट आठवतं. तू माझ्या तोंडाकडे बघून हसत होतास, आपणही हसायचं असतं का, हे चाचपत.

दुसऱ्या दिवशी सगळे विमानाने गेले. वाट उघडली नाही.

त्यानंतर मी तो किस्सा कुठे सांगितला नाही ते विचार. ईदला सांगितला. आपल्या मंडळींच्या गणपतीत, आरतीनंतर, प्रसादाच्या आधी सांगितला. सहलीत वाळूवर बसून सांगितला. डोक्याला टॉवेल गुंडाळून म्हातारा व्हायचो, पेला उचलून तू व्हायचो. लोक मला बोलवायचे आणि तुलाही बोलवायचे, कारण शेवटी मी तुझ्याकडे बोट दाखवायचो, “आणि मंडळी, अशा रीतीने या इसमाने आग्रह करकरून लढाई लांबवली!” टाळ्या. तू हात जोडून उभा राहायचास.

पहिल्या पहिल्यांदा तू मला दुरुस्त करायचास. मी म्हाताऱ्याच्या कमरेला जंबिया दिला होता, तो वाकडा खंजीर, आणि त्याचा हात मुठीकडे जातो असं दाखवायचो. तू म्हणायचास, “त्याच्या कमरेला काय नव्हता रे. सगळ्यांनी हत्यारं दाराशी ठेवलेली.” लोक ओरडायचे, “गप रे, सांगू दे त्याला!” तू गप बसायचास. मग एकदा इस्माईलला, तुझ्या चुलतभावाला, तू स्वतः सांगताना मी ऐकलं. “म्हाताऱ्याचा हात जंबियाकडं गेला,” तू म्हणालास. मी बाजूलाच होतो. मला आधी गंमत वाटली. मग कळलं. तुझी स्वतःची आठवण मी काढून घेतली होती आणि तिच्या जागी माझी ठेवली होती.

तू आग्रह करायचा सोडलास ते नेमकं कधी, मला सांगता येणार नाही. एका ईदला तुझ्याकडे जेवलो आणि भूक राहिली. आधी वाटलं, पोट लहान झालं. मग लक्षात आलं, तू ताट समोर ठेवून बाजूला सरकला होतास. मी एकदा नको म्हणालो आणि ते नको तू खरं मानलंस. मी त्याचाही किस्सा केला. “दाऊदमियां आता शपथ घालत नाहीत, त्यांना देशोदेशीची सरकारं घाबरतात!” सगळे हसले. तू भांडी उचलायला लागलास.

तू ट्रान्झिस्टर घेतलास. संध्याकाळी अरबी बातम्या लावायचास. त्या लोकांची जड अरबी तुला धड कळायची नाही. गावांची नावं तेवढी पकडायचास. मला विचारायचास, “सद्या, ती वाट उघडली काय रे?” मी काय म्हणायचो, आठवतंय? “तुझ्या कॉफीला विचार.”

पण एक गोष्ट तुला मी सांगितली होती. सांगितली नाही असं नाही. अबू हलीफाच्या किनाऱ्यावर, शुक्रवारी, तू गळ टाकून बसला होतास तेव्हा. कारण ट्रान्झिस्टरवर गावांची नावं ऐकताना तुझं तोंड कसं होतं, हे एकदा मी चोरून पाहिलं होतं.

मी म्हणालो, “दाऊद, तुझ्या कॉफीने काही बिघडलं नाही. बोलणी आदल्या दिवशीच संपली होती.”

“कशावरून?”

“मीच त्यांची विमानाची तिकिटं काढली म्हणून.”

आणि हे खरं होतं. कॉफीच्या आदल्या दिवशी सकाळी त्या अधिकाऱ्याचा एक माणूस मला गाडीपाशी गाठून म्हणाला, उद्या रात्रीनंतर इथे थांबण्यात अर्थ नाही, वरून निरोप आलाय, परवाच्या विमानात आमच्या सगळ्यांच्या जागा कर, अरबाबला आणि त्या पलीकडच्यांना कळता कामा नये. मी मान डोलावली. दुपारी म्हाताऱ्या शेखाच्या पुतण्याने मला विहिरीपाशी गाठलं आणि शब्दाला शब्द तेच सांगितलं. विमान एकच होतं. तिकिटाच्या ऑफिसातला गोवेकर मला विचारतो, “एकच पार्टी काय? बाजूबाजूला बसवू?” मी म्हणालो, “नको रे बाबा, मध्ये जरा अंतर ठेव.”

हे मी तुला सांगितलं. तू गळाची दोरी बोटाभोवती गुंडाळत ऐकलंस. मग म्हणालास, “ही नवीन जोडलीस काय? बरी हाय. पण लोकांना पटणार नाय. दुश्मन लोक एकाच विमानात?”

“अरे, खरं सांगतोय. गळ्याशपथ!”

“शपथ नको घालूस सद्या,” तू म्हणालास. “शपथेने काय होता ते मी बघितलाय.”

मी ‘अरबाबला विचार’ म्हणालो असतो, पण अरबाबपासूनच तर ते लपवलेलं. अबू समीरलाही ठाऊक नव्हतं. मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी कोण? तर डोक्याला टॉवेल गुंडाळणारा. एवढी वर्षं मी मेहनत करून माझ्या शब्दाला अशी चव आणली होती की तो खरा लागूच नये. तू विचारशील, मग पहिल्याच दिवशी, स्वयंपाकघरात, अबू समीरसमोर का नाही बोललास? दोघांना शब्द दिला होता, हे आहेच. पण दुसरंही आहे. कॉफीने लढाई लांबवली ही गोष्ट फार सुरेख होती रे. तिकिटाने ती बिघडत होती.

आता दवाखाना. हे सगळ्यात अवघड आहे.

तू पलंगावर उशीला टेकून बसला होतास. हाताच्या काड्या झाल्या होत्या. मी खुर्ची ओढली. तू म्हणालास, “चहा सांगू? हवा असंल तर.” हवा असेल तर! तू! मी नको म्हणालो, आणि तू पुन्हा विचारलं नाहीस.

मग तू म्हणालास, “सद्या, ती तिकिटांची सांग ना परत.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. माणूस पडल्या पडल्या किस्सा का मागेल? तुला हसायचं नव्हतं. तुला ते खरं मानायचं होतं. तू मला एक संधी देत होतास. मी नुसतं साध्या आवाजात, तुझा हात धरून, घडलं तसं सांगायचं होतं, बस.

पण तेवढ्यात नर्स आली. केरळची, हसऱ्या तोंडाची, तुझं पाणी बदलायला. आणि माझ्यासमोर दोन माणसं झाली, दाऊद. दोन म्हणजे माझ्यासाठी सभा. मी उठून उभा राहिलो. हिंदीतून सुरुवात केली, तिलाही कळावं म्हणून. अधिकाऱ्याचा माणूस झालो, दाराआडून कुजबुजलो. पुतण्या झालो, तसाच कुजबुजलो. गोवेकर तर मी फर्मासच करतो. नर्स तोंडावर हात ठेवून हसायला लागली. तूही हसलास, खोकला आला, तिने तुला पाणी दिलं.

खोकला थांबल्यावर तू विचारलंस, “आणि म्हाताऱ्याला ठाऊक होता? तिकिटं काढलीत ते?”

हाच प्रश्न होता. बाकी सगळं तू कधीच सोडून दिलं असशील. बोलणी मोडली ती कोणामुळे, हे तुझ्या मनात राहिलंच नव्हतं. तुझ्या मनात तो म्हातारा होता. त्याला ठाऊक असेल तर त्याने कप ठेवला ते नाटक. ठाऊक नसेल तर त्याने भुकेल्या गावांसाठी खरंच मागितलं होतं, आणि ते मागणं तू त्याच्या घशाखाली उतरवलं होतंस. मला याचं उत्तर माहीत नव्हतं. आजही नाही. तिकीट पुतण्याने सांगितलं, म्हाताऱ्याने नव्हे. मी म्हणायला हवं होतं, दाऊद, मला माहीत नाही. आपण दोघांनी मिळून ते माहीत नसणं थोडा वेळ उचललं असतं.

मी म्हणालो, “ठाऊक होतं म्हणजे? अरे, त्याने खिडकीची जागा मागितली होती!”

नर्स एवढी हसली की शेजारच्या पलंगावरचा माणूस जागा झाला.

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. तुला मी रागावलेलं कधी बघितलंच नाही. तू हसलास, मान उशीवर टेकलीस आणि म्हणालास, “बरी जमलीय.” खिडकीची जागा खोटी होती हे तुला लगेच कळलं, आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंही गेलं. मी निघालो तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. मी दारातून हात हलवला, तेवढाच.

परवा तुझी जियारत, तिसऱ्या दिवसाची फातेहा, झाली. मिरकाबमध्ये, इस्माईलच्या खोलीत. दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन, सगळीकडची माणसं. पढून झालं, चहा फिरला. तुझी सून मुंबईहून आलेली, ती आतल्या खोलीत बायकांत. तुझा नातू माझ्या शेजारी येऊन बसला, त्याने इंग्रजीत विचारलं, आजोबांचे मित्र तुम्हीच का. मी हो म्हणालो. मग कोणीतरी म्हणालं, सदाभाऊ, दोन शब्द बोला.

मी उभा राहिलो नाही, दाऊद. बसूनच बोललो. टॉवेल घेतला नाही, पेला उचलला नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले. आवाज काढले नाहीत. मी म्हणालो, म्हाताऱ्याच्या कमरेला काही नव्हतं. दाऊदभाईने कॉफी दिली ती पाहुणा लाजतोय असं वाटून, माया म्हणून दिली. बोलणी त्याच्या आदल्या दिवशीच मोडली होती, तिकिटं मी स्वतः काढली होती, दोन्ही पक्षांची, एकाच विमानाची. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. दाऊदभाईचा त्यात काही दोष नव्हता. लढाई त्याच्यामुळे लांबली नाही. हे मी एवढी वर्षं उलटं सांगत आलो. ते माझं चुकलं.

एवढंच बोललो. पहिल्यांदा आयुष्यात एक गोष्ट मी जशी घडली तशी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, काही न जोडता सांगितली.

चहाचे पेले हातातच राहिले. मला वाटलं, पोचलं. इतका उशीर झाला, पण निदान तुझ्या माणसांपर्यंत पोचलं. नातू माझ्याकडे बघत होता. इस्माईलने डोळे पुसले, नाक ओढलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्याच्या तोंडून एकदम निघून गेलं:

“ह्या काय सदाभाऊ? ती जंबियाची, खरी झालेली सांगा ना!”